नदीकाठी सापडणाऱ्या जुन्या वस्तू : टेम्सची ओहोटी, काळीची सुकती आणि आपली मलप्रभा

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लंडनला टेम्सच्या काठावर ओहोटीच्या वेळी जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्या लोकांबद्दल गेले काही महिने वाचतोय. तिकडे त्यांना 'मडलार्क' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे काम गरिबाघरची पोरं आणि म्हाताऱ्या बायका करायच्या. बोटींतून सांडलेला कोळसा, दोरखंडाचे तुकडे, खिळे, तांबं असं चिखलातून वेचायचं, विकायचं आणि त्यावर दिवस काढायचा. आज त्याच चिखलात लोक इतिहासाच्या ओढीने उतरतात.

टेम्सला समुद्राची भरती-ओहोटी शहराच्या पार आतपर्यंत, टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत जाणवते. लंडन ब्रिजपाशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सात मीटरच्या आसपास फरक पडतो, तोही दिवसातून दोनदा. त्यामुळे दोन हजार वर्षं वापरात असलेल्या बंदराचा तळ रोज काही तास उघडा पडतो. तिथला गाळ इतका घट्ट की आत हवा पोचत नाही. एरवी कुजून जाणारं चामडं, लाकूड, हाड त्यात शतकानुशतकं टिकतं. रोमन काळातल्या खापऱ्या, मध्ययुगीन चामडी जोडे, हाताने केलेल्या टाचण्या, तंबाखू ओढायच्या पांढऱ्या मातीच्या चिलमी, सगळं एकाच काठावर.

आता आपल्याकडे. मी खानापूर तालुक्यातला. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि आमच्या शिवारावरून पुढे जाते. आपल्या नद्यांना भरती-ओहोटी नाही, पण वर्षातून एकदा नदी चढते आणि एकदा उतरते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात काठच्या मळ्या कापून गेल्या आणि दरडीत जुन्या खापऱ्यांचे, विटांचे थर दिसू लागले. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नंतर वाळूचे ट्रॅक्टर आले आणि त्यातले काही थर वाळूबरोबर गेले. कुणी फोटो काढला नाही, कुठं काय होतं याची नोंद नाही. माझा जीव त्यासाठी तुटतो.

म्हणून हा धागा. वस्तू गोळा करायला मी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू जिथं दिसली ती जागा लिहून ठेवली पाहिजे. जागा हरवली की खापरी म्हणजे नुसती खापरी. सीमाभागातल्या नदीकाठांवर तुम्ही काय पाहिलंय, गावातल्या जुन्या माणसांनी काय सांगितलंय, ते इथं लिहा. नेमकी जागा मात्र जाहीर लिहू नका. फक्त नदी आणि तालुका सांगा.

---

बेळगावकरीण

फार चांगला विषय. वाचतेय.

---

टेम्सवासी

मूळचा शहापूर, बेळगावचा. नोकरीमुळे लंडनला आहे, म्हणून थोडी भर घालतो.

इथं कुणीही उठून चिखलात उतरू शकत नाही. काठाची बरीचशी जमीन पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी आणि राजघराण्याच्या मालमत्तेकडे आहे, आणि शोधायचं तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. खणणार नाही, नुसतं डोळ्यांनी बघून उचलणार असाल तरीसुद्धा. मागणी इतकी वाढली की नोव्हेंबर २०२२ पासून नवे परवाने थांबवले आणि पुढे प्रतीक्षायादी लावली. माझ्याकडे परवाना नाही. म्हणून मी वरच्या पायऱ्यांवरून बघतो आणि परवाना असलेल्यांशी बोलतो.

तीनशे वर्षांहून जुनी वस्तू सापडली तर ती नोंदणी अधिकाऱ्याला दाखवणं परवान्याच्या अटीतच आहे. १९९७ पासून इंग्लंडमध्ये आणि पुढे वेल्समध्येही यासाठी सरकारी योजना चालते. सामान्य माणसाने सापडलेली वस्तू आणून दाखवायची, अधिकारी तिचं मोजमाप, फोटो, वर्णन आणि जागा नोंदवतो, आणि बहुतेक वेळा वस्तू सापडलेल्याकडेच परत जाते. आज त्या नोंदवहीत पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. मलप्रभाकाठ म्हणतात तेच इथं झालंय. वस्तू कुणाच्याही घरी असो, नोंद सगळ्यांची.

चिलमींबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. सोळाव्या शतकाच्या शेवटी तंबाखू आली तेव्हा ती महाग होती, म्हणून चिलमीचं तोंड अगदी बारीक, करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. तंबाखू स्वस्त होत गेली तसं तोंड मोठं होत गेलं. त्यामुळे तुटक्या तुकड्यावरूनही जाणकार काळ सांगतात. लाखो माणसांनी ओढून फेकलेली वस्तू, पण शहराच्या सवयींचं कॅलेंडर तिच्यात आहे. मोठ्या चीजवस्तूही इथं सापडल्या आहेत, १८५७ मध्ये सापडलेली बॅटरसीची प्राचीन ढाल आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तरी मला त्या चिलमींचं मोल जास्त वाटतं.

आणि हो, याच काठावर गणपतीच्या छोट्या मूर्ती, पणत्या, देवांची चित्रं कोरलेल्या पट्ट्याही सापडतात. आपल्याच लोकांनी गंगा समजून टेम्समध्ये सोडलेल्या. उद्या तोही इतिहासच.

---

काळीकिनारा

मी कारवारची. मलप्रभाकाठ दादा, सीमाभागात भरती-ओहोटीची नदी नाही असं कुणाला वाटू नये म्हणून लिहिते. आमची काळी आहे की! सदाशिवगडापासून वर कडवाडच्याही पुढे भरतीचं पाणी चढतं. टेम्ससारखा सात मीटरचा फरक नाही, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाही दोन मीटरच्या आसपासच. पण काठ सपाट असल्यामुळे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखल आणि वाळूचे पट्टे लांबपर्यंत उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, मात्र विशेष काही दिसत नाही.

हा काठ खरंच जुना आहे. सदाशिवगडाच्या पायथ्याचं जुनं नाव चित्ताकूळ, पोर्तुगीज त्याला सिंताकोरा म्हणायचे. कडवाड हे व्यापाराचं ठाणं होतं. १६३८ मध्ये कोर्टीन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या मंडळीने कारवारला वखार घातली, मिरी आणि तलम कापडासाठी. पुढे सोंद्याच्या राजांनी गड बांधला. एवढ्या गलबतांची ये-जा झालेल्या नदीच्या गाळात काहीच नसेल हे शक्य नाही. चौल आणि गोव्याच्या काठांवर निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचे तुकडे अभ्यासकांना मिळालेत. आमच्याकडेही तसे बारके तुकडे दिसतात. ते नेमके कुठले आणि किती जुने, हे जाणकाराने बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या काठावर रोज सुकतीला कोण असतं? तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या बायका. कंबर वाकवून तासन् तास गाळ चाळतात. कुठं खापऱ्या लागतात, कुठं जुनी लाकडं पायाला लागतात, कुठं दगडी बांध आहे, हे त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणा संशोधकाला ठाऊक नसेल. नोंद करायची तर सुरुवात त्यांना विचारून करायला हवी. आणि त्यांच्या नावाने करायला हवी.

---

निपाणकर

काळीकिनारा ताई, एकदम बरोबर बोललात. आमच्याकडं ती माहिती शेतकऱ्याकडं असते.

वेदगंगेच्या काठानं फिरा, प्रत्येक दोन-चार गावांमागं एक पांढर हाय. जुनं गाव बसलेलं टेकाड. राख, शेण, कुडाच्या भिंती, सगळं मुरून माती पांढुरकी झालेली. आमचे आजोबा बैलगाड्या भरभरून ती माती रानात टाकायचे, खत म्हणून. घरं सारवायला बी तीच. त्यात मणी, बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीचे बैल निघायचे, पोरं खेळायची आणि हरवायची. आता जेसीबीनं टेकाडच सपाट करतात, ऊस लावायला.

कोल्हापूरची ब्रह्मपुरी माहीत असंल सगळ्यांना. पंचगंगेच्या काठचं टेकाड. तिथं ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, रोमन बनावटीच्या वस्तू सापडल्या. १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये हाय, निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर, जाऊन बघून या. समुद्रापासून एवढ्या आत, घाट चढून तो माल आला. मग वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्या पांढरींत काय काय असंल, इचार करा.

---

शिवराई_संग्रह

नाण्यांबद्दल दोन शब्द, कारण नदीकाठी लोकांना सगळ्यात आधी नाणंच दिसतं.

पुलांखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्या चुंबकाला आताची स्टीलची नाणी चिकटतात. तांबं चिकटत नाही, म्हणून जुनी नाणी खालीच राहतात आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की वर येतात. आपल्या भागात बहुतेक वेळा ती शिवराई निघते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. लोक लगेच 'महाराजांच्या काळातलं' म्हणून मोकळे होतात. पण शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती आणि चलनात होती. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' ही उशिराची. म्हणून काळ ठरवायची घाई करू नका.

आणि कृपा करून नाणं चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका. घरच्या तांब्याला ते ठीक आहे. नाण्यावरचा हिरवट-तपकिरी थर त्याचं रक्षण करत असतो. घासलं की अक्षरं झिजतात आणि वजन घटतं, आणि नाणं ओळखायला त्याच दोन गोष्टी लागतात. माती जास्त असेल तर साध्या पाण्याने हलकेच धुवा, सावलीत वाळवा, कागदात गुंडाळून ठेवा. चामडं किंवा लाकूड ओल्या चिखलातून निघालं तर उलट, ते वाळू द्यायचं नाही. वाळलं की तडकतं, आकसतं.

---

जुना_सभासद

मला या धाग्याची काळजी वाटते, स्पष्टच लिहितो. आपल्याकडे 'नदीकाठी जुन्या वस्तू सापडतात' एवढं वाक्य पुरेसं आहे. गुप्तधनाच्या नादाने अमावास्येच्या रात्री वीरगळ उलथवणारे, पडक्या देवळांच्या गाभाऱ्यात खड्डे मारणारे लोक आपल्याच तालुक्यांत आहेत. आमच्या गावच्या शिवारातली एक सतीशिळा अशीच दोन तुकडे झालेली मी पाहिली. लंडनच्या गोष्टी छान आहेत, पण तिथली शिस्त इथं नाही. शिस्त येण्याआधी उत्साह आला तर काठ राहणार नाहीत.

---

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

तुमची काळजी मला मान्य आहे, म्हणूनच सुरुवातीला जागा जाहीर लिहू नका म्हटलं. टेम्सवासी म्हणाले त्या नोंदवहीतही बाहेरच्या माणसाला साधारण एक किलोमीटरच्या चौकोनापलीकडे नेमकी जागा दिसत नाही, ती फक्त अभ्यासकांना खुली असते.

पण गप्प बसूनही काठ वाचत नाहीत. गुप्तधनवाले आपला धागा वाचून खणत नाहीत, ते आधीपासून खणतायत. वाळूवाले तर काहीच वाचत नाहीत. नोंद असेल तर निदान तक्रार करताना 'इथं हे होतं' एवढं तरी दाखवता येईल.

---

कायद्याचं_बोला

वकिली करतो, खानापूर-बेळगाव. थोडक्यात लिहितो.

१. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, भांडी, शिलालेख वगैरे पुरावस्तू. हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांना पंचाहत्तर वर्षं. धंदा म्हणून विकायला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाही.

२. जमिनीत दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. देशाचा निखात निधी कायदा १८७८ चा, कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा १९६२ चा. 'घरी आणलं, नंतर बघू' हे चालत नाही.

३. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. तिथं कुदळ लावायचा विचारही नको.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरू नका. दरडीला हात लावू नका. फोटो काढायला कुणाची हरकत नाही, पण कारवारकरांनी नौदलाच्या हद्दीचे फलक बघूनच कॅमेरा काढावा. आपल्या भागासाठी केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं मंडळ कार्यालय धारवाडला आहे, राज्याच्या खात्याचं मुख्यालय म्हैसूरला. मोठं काही दिसलं तर आधी पंचायत आणि तहसीलदारांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्याच.

---

घटप्रभा_खोरे

सगळे नाणी आणि मूर्तींवर बोलताहेत म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्या नद्यांच्या काठावर सगळ्यात जुनं जे आहे ते लोकांच्या पायाखाली असतं आणि कुणी वाकून बघत नाही. दगडी हत्यारं.

रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मलप्रभा आणि घटप्रभेच्या खोऱ्यांतून अश्मयुगीन हत्यारं नोंदवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ आर. एस. पप्पू यांनी घटप्रभेकाठच्या अनगवाडीला उत्खनन केलं. क्वार्ट्झाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरशा, म्हणजे रुंद धारेची हत्यारं. रामदुर्गाच्या बाजूला किंवा गोकाकच्या खाली गोटे बघत फिरलात तर एक सवय लावून घ्या. नदीने घासलेला गोटा सगळीकडून गुळगुळीत असतो. माणसाने घडवलेल्या दगडावर कपचे काढल्याच्या खोलगट खुणा असतात, एकाशेजारी एक, दोन्ही बाजूंनी, आणि कडा धारेला आणलेली.

खापरीलाही हेच लागू. कडा गोल झिजलेल्या असतील तर ती वाहत लांबून आलीय. कडा तीक्ष्ण असतील तर जवळच्याच दरडीतून नुकती पडलीय, म्हणजे मान वर करून दरडीकडे बघा. माझ्या मते नोंदीत ही एक ओळ असलीच पाहिजे.

---

बेळगावकरीण

घटप्रभेवरून आठवलं. हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. लोक दर्शनाला जातात. गाव उठलं, देऊळ पाण्यात राहिलं. माझ्या सासूबाईंच्या माहेरची माणसं त्या भागातली. पाणी उतरलं की त्या लोकांना आपल्या घरांची जोती दिसतात. तिथं सापडणारं जातं किंवा उखळ शंभर वर्षांचं नसेल, कायद्यात बसणार नाही, पण ते कुणाचं तरी घर आहे. अशा जागी 'शोधायला' जाणाऱ्यांनी आधी त्या गावच्या माणसांना विचारावं असं मला मनापासून वाटतं.

तेच डोहात सोडलेल्या भग्न मूर्तींचं. त्या हरवलेल्या नाहीत, कुणीतरी हात जोडून सोडलेल्या आहेत. फोटो घ्यायचा तरी गावच्या गुरवाला किंवा वडीलधाऱ्यांना विचारून.

---

निपाणकर

ताई, हे लिहिलंत ते बरं झालं.

अजून एक. शिलालेख सापडला की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, कन्नड की मराठी? मग दोन्हीकडची माणसं फ्लेक्स लावतात आणि दगड तिथंच पावसात भिजतो. खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंब राजांचे ताम्रपट संस्कृतात हायत. दगडावर चुना फासू नका, हळद-कुंकू घासू नका, तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी फोटो घ्या, अक्षरं सावलीमुळं उठून दिसतात. वाचणारा कन्नड असो की मराठी, वाचला जाणं म्हत्त्वाचं.

---

टेम्सवासी

शहरवाल्यांनीही लक्ष द्या. आमच्या शहापूरला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. आज त्यावर घरं आहेत. पाया खणताना, बळ्ळारी नाल्याचा गाळ काढताना जे निघतं ते डंपरमधून कुठंतरी भराव म्हणून जातं. पुढच्या सुट्टीत आलो की मी त्या भागातल्या गवंड्यांशी बोलणार आहे.

---

काळीकिनारा

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. काळीवर वर धरणं आहेत. कद्रा धरणातून पाणी सोडलं आणि तेव्हाच भरती लागली तर काठ बघता बघता बुडतो. पावसाळ्यात उतरूच नका. एकट्याने जाऊ नका, ओहोटी संपायच्या आधी वर या, पायात घट्ट बूट घाला, हाताला जखम असेल तर गाळात हात घालू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती खरी आहे. कांदळवनात घुसून रोपं तुडवू नका. आणि कृष्णाकाठच्या मंडळींनो, तुमच्याकडे मगरी आहेत, अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात पाणी कमी झालं की त्या काठावरच असतात.

---

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या चर्चेतून नोंदीचा कागद असा तयार केलाय:

नदी, तालुका, गाव (गाव जाहीर करायचं नाही). काठ डावा की उजवा. दरडीत, वाळूत की पाण्यात. वस्तूचा फोटो, बाजूला मोजपट्टी किंवा एखादं नाणं ठेवून. जागेचा फोटो, मागचं झाड, पूल, घाट येईल असा. कडा झिजलेल्या की तीक्ष्ण. कुणी दाखवली, त्यांचं नाव, त्यांची परवानगी असेल तर. तारीख. वस्तू जागेवरच आहे की कुणी उचलली, उचलली तर कुणाकडे आहे.

मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही करतोय, कारण तहसील कार्यालयात द्यायची वेळ आली तर कन्नडमधला लागेल. कन्नड कुणी तपासून देईल का?

---

घटप्रभा_खोरे

कन्नड मी बघतो. व्यक्तिगत संदेशातून पाठवा.

---

काळीकिनारा

मराठी कागद मला आजच द्या. येत्या अमावास्येला सकाळची सुकती चांगली आहे, आमच्या वाड्यावरच्या दोन मावश्या तिसऱ्यांना जाणार आहेत, त्यांच्याबरोबर जाते. त्यांनी एक जुना दगडी बांध सांगितलाय, आधी त्याचाच फोटो घेऊन कागद भरते.